तीन भिंतींचा दाणा

बाहेर रात्री नऊलाही एकेचाळीस,
भट्टीत सोळाशे.
हिंगण्याच्या आमच्या शेडमध्ये मे महिना
कुणाला विचारून आत येत नाही.

मिनिटाला दोन अंश, असं वहीत लिहिलेलं.
हेडाऊ सरांचं अक्षर, खाली दोनदा रेघ.
मी पाच केले.
सकाळी सहाला नळ येतो आमच्याकडे, पाऊण तास,
आणि घरी भरायला कुणी नाही.
एवढंच कारण.

चकती निघाली पांढरीशुभ्र,
नखाने वाजवली तर काशाच्या वाटीसारखी वाजली.
हवेत तोलली, पाण्यात तोलली.
शंभरात चौऱ्याण्णव.
उरलेले सहा कुठे गेले
ते सरांनी विचारलं नाही.
हिऱ्याच्या पेस्टवर घासायला लावली फक्त,
पुन्हा थोडी तापवायला,
आणि सूक्ष्मदर्शकापुढचं स्टूल सरकवलं.
"पाह्य, निखारे."

दाणे.
आमच्या ले-आउटच्या नकाशासारखे,
प्लॉटला प्लॉट लागून, मधल्या भिंती सामायिक.
आणि दाण्यांच्या ऐन पोटात काळे ठिपके.

"हे भिंतीवर असते ना,
तर भिंतीभिंतीनं जिरून गेले असते.
तू घाई केली. भिंत पुढं पळाली,
पोकळी राह्यली मागं.
आता तापव दिवसभर. जात नाही ते."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मग मी मोजत बसले.
सहाहून जास्त शेजारी ज्याला, तो वाढतो.
कमी ज्याला, त्याच्या भिंती बाहेर फुगलेल्या,
म्हणून आतच सरकत जाणाऱ्या.
तसं पाहिलं तर कुणी कुणाला खात नाही,
भिंती नुसत्या सरळ व्हायला बघतात.
बावनकर काकूंचं घरही कुणी खाल्लं नव्हतं.
दोन बाजूंना फ्लॅट स्कीम, तिसरीकडे रस्ता;
एका दुपारी सही करून त्या वर्ध्याला गेल्या.
त्यांची विहीर आता पार्किंगखाली आहे.
बुजवली नाही म्हणतात,
झाकली.

कोपऱ्यात एक दाणा सापडला, तीन भिंतींचा,
इतका लहान की मी आधी काच पुसली.
अजून अर्धा तास ताप मिळाला असता
तर तो होता, हेही कळलं नसतं.
भट्टी मी वेळेआधी बंद केली होती,
तीही नळासाठीच.

फोटोवर त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला.
सर चष्मा पुसत होते.
त्या सकाळी नळ आलाच नव्हता,
हे मी त्यांना सांगितलं नाही.