चालू स्थितीत

इथे त्याच्या नावातला ग घशातून येतो.
ख्राडी, म्हणतात सगळे: बेकरीवाली, बसचा ड्रायव्हर,
उत्तरेच्या स्टँडमधली ती चार-पाच हजार तोंडं.
दीड वर्षात त्यालाही सवय झालीय.
फोनवर आई 'ग्रेडी' म्हणाली
की क्षणभर वाटतं, राँग नंबर.

काल एजंटचे तीन फोन आले.
इटलीतला क्लब. बंदराचं शहर, साठ हजारांचं स्टेडियम,
पगार चौपट, आणि फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र.
"खिडकी शुक्रवारी रात्री बाराला बंद होते,"
एजंट शेवटी म्हणाला.
समुद्राची नव्हे, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची.

इथे समुद्र नाही. कालवा आहे,
त्यावर पापुद्र्याएवढा बर्फ,
आणि त्यावर पाय टाकावा की नाही
या विचारात काठाशी थांबलेली बदकं.
तोही तसाच. तळ्यात, मळ्यात.
वीस वर्षांचा पोरगा, पायाला जन्मापासून भिंगरी,
पहाटे तीनला दोन्ही पाय रेडिएटरवर टेकून बसलाय.

हिशेब सोपा आहे, म्हणूनच सुटत नाही.
इथे नव्वद मिनिटं, दर रविवारी.
तिथे बारा, तीही सामना जिंकून झाल्यावर
किंवा हरून झाल्यावर.
तोवर बाकावर, मांड्यांवर ब्लँकेट,
आणि समोर मैदानात तो,
ज्याचं पोस्टर याने बाराव्या वर्षी भिंतीला चिकटवलं होतं
आणि भिंतीचा रंग उडवला म्हणून बोलणी खाल्ली होती.

बाकी सगळं त्याला येतं.
बचावपटूच्या खांद्याला खेटून उभं राहायचं.
पास सुटायच्या आत पळालास, तर झेंडा वर.
सुटल्यावर बघत बसलास, तर बॉल गोलकीपरच्या हातात.
मध्ये एक बारीक फट असते.
ती डोळ्यांना दिसत नाही, पोटरीला कळते.
आज पोटरी गप्प आहे.

साडेआठला वजनकाटा.
चौऱ्याहत्तर किलो, तीनशे ग्रॅम.
फिजिओ आकडा टिपून घेते, वर बघत नाही.
परवापर्यंत बघायची.
ड्रेसिंगरूममध्ये कुणी काही विचारत नाही,
म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.
फक्त कॅप्टन मोजा चढवता चढवता म्हणतो,
"तिकडे कॉफी चांगली मिळते,"
आणि दुसरा मोजा शोधू लागतो.

वुबो बूट सांभाळतो. एकसष्ट वर्षांचा.
इथून विकल्या गेलेल्या प्रत्येकाच्या बुटाचा नंबर
त्याला तोंडपाठ, नावं मात्र विसरतो.
रात्री ओले बूट पुसून
त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवतो.
ग्रेडी एक बोळा ओढून काढतो.
दमट. उलगडतो.
आपला फोटो असेल, आपला भाव असेल,
इतके कोटी, अमुक अटी,
छातीत उगाच धडधडतं.

जाहिरात आहे.
वापरलेला ट्रॅक्टर. एकच मालक. चालू स्थितीत.
किंमत समक्ष बोलून.

तो हसतो, मोठ्याने, एकटाच.
फोटो काढून बापाला पाठवतो, ओहायोत,
जिथे आत्ता पहाटेचे तीन, आणि डेल नॉफ्झिगर
काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलत
ट्रकमध्ये जागाच असणार.

उत्तर लगेच येतं.
चेष्टा आहे हे बापाच्या लक्षातच आलेलं नाही.
"मीटर बघ. किती तास चाललाय?
आणि शेडमध्ये असतो की उघड्यावर?
चालून नाही होत रे इतके खराब,
उभे राहून राहून होतात."

दुसऱ्या बुटातला बोळा
तो न उलगडताच वुबोच्या हातात देतो.
वुबो खिशात टाकतो, जणू सुटे पैसे.
बाहेर गवत गोठून पांढरं झालंय
आणि कुणीतरी त्याला हाक मारतंय,
घशातून.