लाईन क्लिअर

चौथीत बाईंनी विचारलं, वडील काय करतात?
मी म्हणाले, लाईन बघतात.
मागच्या बाकावरचा रुद्रेश फस्सकन हसला,
मग सगळा वर्ग,
मग बाईसुद्धा, पदर तोंडाशी धरून.
मला काही कळलं नाही.
आई म्हणाली, हसू देत.
रात्री अंधार झाला की कोणाला हाका मारतात, बघ.

आणि मारायचेच.
सत्तरीत कुठेही फणसाची फांदी पडो,
वानर चिकटो, गव्यानं खांबाला पाठ घासो,
आमच्या खळ्यात टॉर्च नाचायचा :
"शाणूबाब, लायन गेली!"
आणि लाईनीमागोमाग बाबाही जायचे
खांद्यावर दोर, कमरेला पक्कड,
अर्धी भाकरी ताटात तशीच.

लाईन म्हणतात, पण सरळ असते का कधी?
दोन खांबांमध्ये झोळ ठेवावा लागतो, बाबा सांगायचे,
ताठ ओढलीस तर डिसेंबरात आखडते
आणि एखाद्या पहाटे तुटते.
हे ऐकताना आई भांडी
जरा जोरातच ठेवायची.

वाळपईच्या बाजारात पोरं एकमेकांना विचारत,
लाईन क्लिअर आहे काय रे?
म्हणजे ती एकटी आहे का, भाऊ बरोबर नाही ना.
मला त्या वयातही हसू यायचं नाही.
आमच्या घरी ते एक जाड पुस्तक होतं, कार्बन घातलेलं.
सबस्टेशनमधला सुकूर त्यावर सही करायचा :
फिडर बंद केला, आता चढ.
एकदा कुणीतरी ती सही न बघता
वर बटण दाबलं.
त्या रात्रीनंतर सुकूर सही करताना
आपलं पूर्ण नाव लिहू लागला. बापाचंसुद्धा.

बाबा कागदावर विश्वास ठेवायचे नाहीत.
आधी रॉड, मग उलटा हात.
तळवा लावलास तर मूठ मिटते, लाईन तुला धरून ठेवते.
पाठ लावलीस तर झटकून टाकते.
त्यांना सवयच लागली.
आमचा ताप उलट्या हातानं,
दुधाचं टोप उलट्या हातानं,
आईच्या गालावर मी एकदाच पाहिलं, तेही उलट्या हातानं.
कितीतरी वर्षं मला वाटायचं
आम्ही घरातले सगळे
त्यांच्यासाठी थोडे धोक्याचे आहोत.

भाऊ पणजीला गेला, हॉटेल लाईनीत,
मग तिथून कुठल्या लाईनीत ते कोणी बोलत नसे.
मामा आले, म्हणाले, शाणू, पोराला लाईनीवर आण.
बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
म्हणाले, लाईनीवर चढायचं तर आधी बंद करावी लागते.
ह्याचं बटण कुठे आहे, तुला ठाऊक आहे?
मामा चहा न घेता गेले.

पेन्शन अडकली तेव्हा फोन मी लावून दिला.
पलीकडची मुलगी म्हणाली, जरा लाईनवर राहा हं.
बत्तीस वर्षं राहिलो, बाबा म्हणाले,
आणि आणखी अकरा मिनिटं राहिले
रिसिव्हर दोन्ही हातांनी धरून,
पलीकडे बासरी वाजत होती.

तू कुठल्या लाईनीत? त्यांनी मला एवढ्यात विचारलं.
ते विसरतात हल्ली.
कवितेच्या, मी म्हणाले. ओळी लिहिते.
"त्या लायनींत करंट आसा?"
कधी असतो, म्हटलं. बहुतेकदा नसतो.
"नाही असं समजून हात लावू नको."

काल रात्री वीज गेली.
हाक मारायला खळ्यात कोणी आलं नाही,
आता मोबाईलवर तक्रार करतात.
बाबा बिछान्यात कण्हत होते.
अंधारात चाचपडत मी कपाळ शोधलं
आणि माझ्याही नकळत हात उलटा केला.
तापलं होतं.
डोळे मिटलेलेच. ओठ हलले,
"पयलीं रॉड लायलो गो?"