धरमकाट्याचा काँप्युटर

शेवटचा कापसाचा ट्रॅक्टर गेला
की आठला झोपवून जातो मी त्याला.
सकाळी येतो तर पंखा घरघरत असते,
इन्व्हर्टरवर लाल लाइट,
बॅटऱ्या बसलेल्या.

मालक म्हणे, फॉरमॅट मार न बे, विंडोज टाक.
मी बायोस चाळला. कर्नल बदलला,
रिबूट केलं तर काळ्या पडद्यावरच अडकून रायलं.
जुन्या कर्नलवर परत आलो.
लॅनची तार उपटली, माउस काढला.
तरी जागं.

काल लॉग उघडून बसलो, ओळ न् ओळ.
दोन वाजून चाळीस. परवाही दोन चाळीस.
उठवणारा: यूएसबी, पोर्ट तीन.
पोर्ट तीनला काट्याची केबल.

कुत्रं चढत असेल प्लेटवर,
म्हणून वजनाची फाइल पाहिली.
दसऱ्याला पंचावन्न किलो.
दिवाळीत पन्नास.
मग पंचेचाळीस, पंचेचाळीस, कितीतरी रात्री तेच,
हा काटा पाचाच्या खालचं सांगत नाही.
संक्रांतीला चाळीस.

कुत्रं नाही.
लाल आकड्यांकडं पाहत
मफलर गुंडाळून उभा राहिलेला
आमचा चौकीदार, डाखोरेकाका.

दुरुस्ती एका ओळीची होती:
पोर्ट तीननं झोपेतून उठवू नये.
लिहिली,
आणि तिच्यापुढं # लावून ठेवला.

सकाळी म्हटलं, काका, उद्या पहिल्या गाडीनं
सेवाग्रामला जाऊ, दवाखान्यात.
"कायले?" बिडी विझवत म्हणे,
"तो काटाच बिघडला असन.
तू पाह्य ना एकडाव, तुले समजते त्यातलं."