झीज

चिखलमाऱ्याच्या सार्वजनिक भांडी मंडळाजवळ
चारशे बारा ताटं, सहा गंज, दोन पितळी घंगाळं,
एक झारा, ज्याचा दांडा मीच तारेनं बांधला,
आणि पाच विश्वस्त.
त्यातले चार मेलेले.

हे गावाला माहीत होतं,
चंद्रपूरच्या धर्मादाय कचेरीला नव्हतं.
तिथल्या रजिस्टरात झिंगर मास्तर, दादाजी कोवे,
पत्रूजी आणि वारलूजी
अजून ओळीनं बसलेले,
वाढपी इकडे आलाच नाही असे.
(वारलूजीचं तर नावच तसं,
तरी कोणी विश्वास ठेवीना.)

विश्वस्त गेला तर नव्वद दिवसांत कळवायचं असतं,
वकील म्हणाले.
आम्ही तेराव्या दिवशीच कळवलं होतं,
अख्ख्या गावाला, पंगतीला बसवून.

आता उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज.
अर्जात एकेका दिवसाच्या उशिराचं कारण.
अकरा हजार दिवस.
पहिल्या दिवशी रोवणी होती.
दुसऱ्या दिवशीही रोवणीच होती.

बँकेनं खातं गोठवलं; सह्या करणारे हजर नाहीत.
दोन गंजांना भोकं पडलीत,
सिंदेवाहीचा वेल्डर उधार करत नाही.
वरून आयकराचं पत्र :
ताटामागे एक रुपया झिजभाडं घेता,
म्हणजे व्यवसाय करता काय, खुलासा करावा.
मी रात्रभर बसून लिहिला —
ताट राखेनं घासलं की झिजतं,
दर लग्नात दोन-चार हरवतात,
मंडईच्या नाटकवाल्यांनी तर एक गंज
राजाच्या सिंहासनाखाली ठेवला, तो चेपला.
सीएचा पोरगा म्हणाला, काकू, असं नसतं लिहायचं.
त्यानं लिहिलं ते बरोबर असेल.
त्यात ताट हा शब्द कुठेच नव्हता.

तारखेला मूलवरून उभ्यानं गेले.
पुकारा झाला : सचिव, वच्छला गुरनुले.
तिघांचे दाखले दिले. पत्रूजीचा नाही,
त्या साली ग्रामसेवकच नव्हता गावाला.
म्हणून पिशवीतून वही काढली :
‘पत्रूजी सोनुले यांची तेरवी. ताटं दोनशे दहा.
गंज चार. भाडं माफ. परत दोनशे नऊ.’

साहेबांनी वाचलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं.
बारसं. साक्षगंध. पुराच्या सालचे आठ दिवस,
शाळेत रोज तीनशे ताटं, भाडं माफ.
पंखा फिरत होता, बाकावर कोणीतरी खोकलं.
मग म्हणाले, बाई, हा पुरावा होत नाही.
पण वही मिटली नाही त्यांनी.
बोट तिथेच ठेवून विचारलं,
ते एक ताट कुठे गेलं?

त्यांच्या घरी आहे, मी म्हटलं. शेवंताबाई त्यातच जेवतात.

तर त्या बाईंचं शपथपत्र आणा, नवरा मेल्याचं.
पुढची तारीख तेवीस.

शेवंताबाई ओसरीत लाखोळीची डाळ पाखडत होती.
मी शंभराचा कागद उलगडला, वाचून दाखवला,
‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की’पासून शेवटपर्यंत.
तिनं सूप खाली ठेवलं.
“एवढ्या वर्सानं इचारते का सरकार?”
मग बराच वेळ काही नाही.
मग उठली, आत गेली,
चुलीजवळचं ताट उचलून पदराआड धरलं.
“अंगठा देतो मी, कुठी द्याचा तं सांग.
पन ताट नाही देत.”

त्या रात्री वहीत
पत्रूजीच्या ओळीपुढची मोकळी जागा शोधली,
एक ताट, असं लिहून पुढे लिहिलं : झीज.

ही कोणत्या फॉर्मात भरतात
ते पोराला विचारायचं राहिलं.