सातवी पायरी

दिवे कमी पडायचे, म्हणून बेनेडेककाका
सावल्या रंगवायचे.
काजळी, सरस आणि चिमूटभर निळं.
निळं कशाला? तर म्हणायचे,
त्यानं काळ्याला तळ येतो.
मी चौदा वर्षांचा. माझ्याकडे बादली.

बुडापेस्टच्या त्या शेडमध्ये एक जिना होता,
तेरा पायऱ्या, वर काहीच नाही.
औषधवाल्याची बायको रात्री कंदील घेऊन चढते,
सातव्या पायरीवर थांबते,
खाली बघत नाही.
एवढाच प्रसंग.

त्यासाठी झेल्माबाई दोन तास उभ्या राहिल्या.
काका त्यांच्या खांद्याची कड भिंतीवर उतरवत होते.
अंबाडा जरा सैल, हनुवटी किंचित वर.
‘हलू नका,’ काका म्हणाले.
त्या हसल्या. ते काही रंगवता आलं नाही.

सोमवारी त्या आल्या नाहीत.
मंगळवारी त्यांच्या खोलीच्या दारावर
दुसरंच नाव, शाई अजून ओली.
कुणी विचारलं नाही;
विचारायचे दिवस नव्हते ते.

नवी बाई चांगली होती. उंच, केस कापलेले.
दिग्दर्शक म्हणाले, सावली नवी काढा.
काका म्हणाले, काजळी संपली.
बादली माझ्या हातात होती,
निम्मी भरलेली.
मी ती पायामागे सरकवली.

अजून कुठं कुठं लागतो तो सिनेमा.
लोक कंदील बघतात,
तिच्या डोळ्यांतलं पाणी बघतात, ते ग्लिसरीन.
मी पायऱ्या मोजतो.
पाच. सहा.
ती थांबते,
आणि तिच्या मागे भिंतीवर
सैल अंबाड्याची एक बाई
आधीपासूनच थांबलेली असते.