तालीम

नॅशव्हिल, फेब्रुवारी १९६०.
चर्चच्या तळघरात चार खुर्च्या, पुढे इस्त्रीचं टेबल;
तो खानावळीचा काउंटर.
वर्नेल म्हणाला, आज तू गोरा हो.
माझ्या रंगाकडे बघून सगळे हसले, मीही.

आमच्याकडे तालीम म्हणजे हौद, तांबडी माती,
समोरच्याची पाठ जमिनीला लावणं.
इथे तालीम म्हणजे
मान आत, तळवे डोक्यामागे,
पडलात तर गुडघे छातीशी.
आणि पर्स? पर्स जाऊ द्या.

"तुमच्याकडे हे जन्मतःच येत असेल,"
ओडेसा म्हणाली. फार आदराने.
मी मान हलवली, कशीही वाचता यावी अशी.

कसं सांगू,
तो म्हातारा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी
त्याच्याच नावाचा जयजयकार करत लोक आमच्या गल्लीत आले.
रॉकेलचा डबा ज्याच्या हातात होता
तो मला गणित शिकवायचा.
छापखाना रात्रभर जळला.
सकाळी वडील राखेत खिळे शोधत बसले:
वितळून एकजीव झालेली बाराखडी,
'क'च्या पाठीला 'ळ' चिकटलेला.
आदल्या रात्री घरात पेढ्यांचा पुडा आला होता.
कुणी दिला, मी अजून विचारलेलं नाही.

दारात पेटवे न्हावी, मांडीवर दुनळी.
"पोरांना मार खायला खुशाल शिकव.
शिकवणी मोडायला कुणी आत येणार नाही, एवढं मी बघतो."
वर्नेल म्हणाला, बंदूक उंबऱ्याबाहेर.
पेटवेने खुर्ची चार बोटं मागे सरकवली.

मग मी. थंड कॉफी, ओडेसाचे केस.
पहिल्यांदा हात कापला.
"तिथले लोक असे थांबत नाहीत," ती म्हणाली.
दुसऱ्यांदा शिवी दिली, ती मराठीत आली.
तिसऱ्यांदा हाताला कळलं:
मनगट सैल, जोर खांद्यातून.
खुर्ची लाथाडली
आणि बरं वाटलं. क्षणभर.
पण वाटलं.

तिने पुस्तकाचं पान उलटलं.
भिजून दोन पानं एकदम आली.

बास, वर्नेल म्हणाला. आता तू बस.
बसलो.
पाठीमागे कुणीतरी कप भरत होतं.
बाहेर पेटवे खोकला.
हात कुठे ठेवायचे
ते मी विसरलो होतो.