बारा, दहा, आठ

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय,
गुरुवारी पुन्हा छाती,
आणि शुक्रवारी चिलवेरी सर विचारतात,
"मॅडम, आज काय मारायचं?"
जणू वेगळं काही मारायची शक्यता आहे.

दोन वर्षं सात महिने.
अशोक चौकात, बंद पडलेल्या कारखान्यावरचा पहिला मजला.
खालून अजून तेलाचा, सुताच्या धुळीचा वास येतो.
वर एकच पंखा, तोही सरांच्या खुर्चीकडे वळवलेला,
आणि साडेसात किलोची ती जोडी,
जिच्या मुठीवर माझ्याच घामाचा गंज.
बारा, दहा, आठ.
बारा, दहा, आठ.
ऑफिसात पावत्यांवर शिक्के मारतानाही
मी आठव्याला थांबते.

आले तेव्हा ओट्याची कड धरून उठायचे.
डॉक्टर म्हणाले होते, गुडघा बदलायचा विचार करून ठेवा, घाई नाही,
जसं कुणी सोफ्याबद्दल बोलावं.
सरांनी एक्स-रे खिडकीशी धरला, उलटा,
परत दिला आणि म्हणाले,
"बसा. उठा. उद्या या."

मागच्या आठवड्यात मी सात रस्त्याला जाऊन आले.
काचेची जिम, एसी, पहिले तीन दिवस फुकट.
कुणाला सांगितलं नाही.
दुसरीकडून साडी घेतली की
नेहमीच्या दुकानासमोरून जाताना पिशवी लपवतो ना, तशी गेले.
तन्मय नावाच्या मुलानं दंडाला टेप लावली,
विचारलं, "तुमचं गोल काय, मॅम?"
म्हटलं, संध्याकाळी माणसात असणं.
त्यानं टॅबवरच्या यादीत शोधलं. नव्हतं.
पण तीन दिवस तीन तऱ्हा! दोर, चेंडू, लाकडी खोका.
काखेखाली एक जागा अशी दुखली
जिला चोपन्न वर्षांत मी हाक मारली नव्हती.
त्या दुखण्यानं मी दिवसभर खूश होते.

मग पाचव्या दिवशी पाणी आलं, पहाटे पावणेचारला.
नळ खाली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मोटर जळालेली.
दोन हातांत दोन कॅन, सात फेऱ्या.
जिन्यात पुलगमकाकू म्हणाल्या, "दम लागत नाही का ओ तुम्हाला?"
तेव्हा कळलं, लागला नव्हता.
आता हे कुणाच्या नावावर मांडायचं?

पण उपकार म्हणजे काय मासिक फी आहे,
की दर पाच तारखेला भरतच राहावी?

हेच घोकत आज स्कूटरवरून आले, जुळे सोलापूर ते अशोक चौक:
सर, मला जरा बदल हवाय. सर, जरा बदल.
सर टेबलाशी कडक भाकरी मोडत होते,
शेंगाचटणीवर दही ओतलेलं.
डब्याशेजारी एक वही, पुठ्ठा सुटलेली,
पहिल्या पानावर तेलुगूत काहीतरी आणि आकडे.
आकडे मी ओळखले.

"वस्तादांनी लिहून दिलेलं. म्हणाले, हे मुरलं की पुढचं लिहितो.
तेवढ्यात त्यांची गिरणी बंद झाली, ते भिवंडीला गेले."
मी पान उलटलं.
मागे कोरं. त्याच्यामागे कोरं.
"पुढचं मला येत नाही, मॅडम," सर म्हणाले
आणि भाकरीचा तुकडा दह्यात बुडवला,
"येतं तेवढं नीट येतं."

मी काही न बोलता दहा किलोची जोडी उचलली.
तिच्याखाली फरशीवर दोन गोल डाग, वेगळ्या रंगाचे.
सहा झाले. सातवा मध्येच अडकला.
सर उठले, हात पुसले,
माझ्या कोपराखाली नुसती दोन बोटं धरली.
सातवा झाला.

मग मी ते वाक्य बोलले.
ठरवलं होतं त्यापेक्षा लहान निघालं.

त्यांनी रजिस्टर ओढलं, माझ्या रकान्यात दहा लिहिलं,
आणि मान वर न करता म्हणाले,
"उतरताना कठडा धरू नका."

धरला नाही.
खाली स्कूटर चालू करताना लक्षात आलं,
महिन्याचे अकरा दिवस बाकी आहेत, फी भरलेली आहे,
आठवा राहिलाय,
आणि उद्या शनिवार. दंड.